हेमराजनं पाहिलेलं प्राग

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गावर होतो. शेतातल्या मोटारपंपाजवळ बसल्याबसल्याच गेला, असं त्याच्या पुतण्यानं सांगितलं. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की इथेही हा माझ्या आधी गेला… पाच आठवडे झाले, त्या विचाराची लाज अजून उतरलेली नाही. पण हेमराजवर लिहायचं तर खरं लिहायला हवं, आणि खरं हे की गेली दोन वर्षं मी त्याचा मित्र कमी होतो आणि त्याचा हेवा जास्त करत होतो.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे. शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, घिरट्या घालतात. आम्ही दोघांनी एकाच वर्षी गोंदियाला बी.ए.ला नाव घातलं. पहिल्याच वर्षी त्याचे वडील वारले आणि तो कॉलेज सोडून शेतीला लागला. मी शिकत राहिलो. माझ्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. उन्हाळी धानाची कापणी आणि माझी परीक्षा नेमकी एकाच वेळी यायची, तेव्हा आमच्या बांधीतही विळा घेऊन तोच उतरायचा. म्हणायचा, "तू पेपर लिव्ह, मी धान कापतो. दोघं मिळून एक बी.ए. होऊन जाऊ." निकाल लागला त्या दिवशी माझ्या वडिलांच्या आधी त्यानंच गावात पेढे वाटले. माझ्या पदवीत त्याचा घाम आहे, हे मी कधीच विसरलो नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातं.

मी इतिहासाचा शिक्षक झालो. युरोपातला प्रबोधनकाळ, चर्चची सत्ता, मठांच्या जमिनी हे सगळं पंचवीस वर्षं शिकवलं. फळ्यावर खडूनं टोकदार कमान काढायची आणि मुलांना सांगायचं, "डोळ्यांसमोर आणा." माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर काय होतं? पुस्तकातलं एक धुरकट चित्र. एकदा तरी त्या कमानीखाली उभं राहावं, एवढी एकच इच्छा मी मनाच्या तळाशी जपून ठेवली होती. ती फक्त हेमराजला ठाऊक होती.

आणि गेला हेमराज. त्याची मुलगी शीतल प्रागला नोकरीला लागली आणि तिनं वडिलांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. घरी म्हातारी आई आणि गुरं, म्हणून वहिनी मागे राहिल्या. शीतल ऑफिसला गेली की हा एकटाच बाहेर पडायचा आणि चर्चमध्ये जाऊन बसायचा. बसायला बाक असतो आणि कोणी उठवत नाही, हे त्याचं कारण! रोज सकाळी माझ्या मोबाईलवर त्याचे फोटो यायचे. आभाळात घुसलेले मनोरे, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेलं निळं-तांबडं ऊन, एका मठातलं छतापर्यंत पुस्तकांनी भरलेलं दालन. मी एकेक फोटो मोठा करकरून तीन-तीनदा पाहायचो आणि उत्तरात 'छान' एवढंच लिहायचो.

तो परत आला त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडे धावत आला. "मास्तर, किल्ल्यावरचं ते चर्च पायलं. आपल्या चार बांध्या आत मावतीन, मी पावलानं मोजून आलो."

मी म्हणालो, "त्याला कॅथेड्रल म्हणतात."

"हो ना बाप्पा, तेच. अन् मधातले खांब असे, जसा सागाचा जंगल."

"त्या शैलीला गॉथिक म्हणतात."

तो हसला. "नाव तुले ठाऊक हाये, जागा मले ठाऊक हाये. चांगलंच झालं ना!" मला ते हसणं झोंबलं.

पुढे आमच्या प्राचार्यांनी त्याला बारावीच्या मुलांशी बोलायला बोलावलं. नवा शर्ट घालून आला होता. पडद्यावर त्याचे फोटो, समोर माझे विद्यार्थी. तो रंगात येऊन सांगत होता, "या मठात साधू लोक राहत. मले त्यायचं कोठार पाहाचं होतं. एवढ्या मोठ्या मठाले खायले धान कोण देऊन राहिलं होतं, हे मले कोणीच सांगेना…" पंचवीस वर्षं मठांच्या जमिनी शिकवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी मागच्या बाकावरून उठलो आणि म्हणालो, "हेमराज, तिथे धान पिकत नाही, गहू पिकतो. आणि ते साधू नाहीत, ख्रिस्ती भिक्षू. मुलं परीक्षेत हेच लिहून येतील." वर्ग हसला. हेमराजही हसला, पण त्याचा हात पडद्यासमोर तसाच राहिला. "मास्तर बराबर सांगते," तो म्हणाला. "पुढचं त्यायलेच इचारा." आणि खाली बसला.

त्यानंतर तो माझ्याशी धानाबद्दल बोलायचा, खताबद्दल बोलायचा, प्रागबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. आपण जिंकलो, असं काही दिवस वाटलं होतं.

हेमराजच्या तेरवीला मंडपात बसलो होतो. शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री कोणाला तरी सांगत होता, "हेमराजभाऊ तिथं प्रत्येक चर्चच्या दारात जोडे काढे. बरफावानी थंडी, अन् हा मोज्यावर. एका ठिकाणी दारावरच्या बुढीनं त्याच्यासाठी सतरंजीच टाकून देल्ली. दुसऱ्या दिवशी गेला त सतरंजी आधीच टाकून होती!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "अन् ते घंटा वाजवणाऱ्याची गोष्ट?" तीही त्यांना पाठ होती. दूधवाल्याला माहीत होतं, सोसायटीच्या चपराशाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचा मित्र मी, आणि मान खाली घालून लोकांच्या तोंडून तुकडे वेचत होतो. त्या दिवशी मला त्या मिस्त्रीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा हेमराजच्या विमानाच्या तिकिटाचाही वाटला नव्हता.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. आमच्याकडे कोणी तीर्थाला निघालं, कचारगडला म्हणा की आणखी कुठे, की शेजारीपाजारी मूठभर नवा तांदूळ पुडीत बांधून देतात, आमच्या नावानं वाहा म्हणून. हेमराज प्रागला निघाला तेव्हाही गल्लीतल्या बायकांनी पुड्या दिल्या होत्या. देव कोणाचा का असेना, देऊळ ते देऊळ. मी तेव्हा म्हणालो होतो, "अरे, ते तीर्थ नाही, पर्यटन आहे." आमच्या घरून पुडी गेली नाही.

वहिनी म्हणाल्या, "साऱ्यायच्या पुड्या वाहून आले, भाऊजी. मेणबत्त्यांच्या ताटाजवळ चिमूट-चिमूट ठेवत. शीतल रागवे, पण आयकते कोण?" मग आत जाऊन त्यांनी कागदाची एक पुडी आणली. वर हेमराजच्या अक्षरात 'मास्तर' लिहिलेलं. माझ्या घरून आली नाही म्हणून त्यानं स्वतःच्या शेतातला चिनोर तांदूळ बांधून नेला होता.

"मग हीच काऊन नाही वाहिली?" मी विचारलं.

"म्याही हेच इचारलं. म्हणे, मास्तर स्वतः जाईन ना. त्याच्या हातची मी कायले वाहू?"

वर्गात मी त्याला खाली बसवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ही पुडी माझ्यासाठी राखलेली होती, आणि नंतरही त्यानं ती फेकली नाही. एवढं मोठं मन कुठून आणायचं असतं? त्याचाही मला हेवा वाटला… आता हा शेवटचा असावा.

पुडी माझ्या टेबलावर आहे. उघडली तर चिनोरचा वास अजून येतो. तांदळाला सोंडे लागू नयेत म्हणून वहिनींनी आत कडुलिंबाची पानं घातली होती. ती पार वाळली होती. परवा मी ताजी तोडून आणली आणि बदलली.