खरात सर आणि अकरा एक

आमच्या कॉलेजच्या गणित विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत, डबे उघडले की आपोआप निघतात. त्यातले निम्मे खरात सरांच्या लग्नाचे, म्हणजे न जमणाऱ्या लग्नाचे! माणूस सोन्यासारखा; पण मोठा आकडा दिसला की मूळ संख्या आहे का संयुक्त, हे भागून बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही.

*

आम्हीच बळजबरीने त्यांना विवाहाच्या साइटवर नाव घालायला बसवलं. मोबाइलवर ओटीपी आला, ५१०५१०. सर जागेवरून उडालेच!

“अरे, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा! पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार!”

फळ्यावर पडताळा दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. ‘पुन्हा पाठवू का?’ असं साइट विचारत होती.

सर म्हणाले, “नको. ह्याच्यापेक्षा चांगला आता येणार नाही.”

*

मग चितेगावचं स्थळ. मुलीची जन्मतारीख कळताच सरांनी दिवस, महिना, साल सलग मांडलं आणि ओरडले, “अंकांच्या बेरजेनं भाग जातोय! हर्षद संख्या!”

मुलीची आई घाबरली. “म्हंजी पोरीत काय खोट हाय का?”

“खोट कसली? उलट माझ्याच तारखेला भाग जात नाही!”

“मंग खोट तुमच्यात हाय!” माउली म्हणाली, आणि विषय संपला.

*

त्यानंतर करमाड. मुलगीही गणितात एम.एस्सी.! आपल्या म्हाताऱ्या आईला आता नकार सोसत नाही, असं सरांनीच आम्हाला सांगितलं होतं. त्यामुळे आम्ही सगळेच धास्तावलेले. विभागप्रमुख नसरीन मॅडमनी गाडीतच दम भरला, “खरात, आज मुँह से एक आकडा निकला तो देखो!”

चहा-पोहे आले. विचारलं तेवढ्याला सर नुसती मान हलवत होते. शेवटी मुलगीच म्हणाली, “सर, एकापुढं एक असे अकरा एक लिहिले, तर ती संख्या मूळ का संयुक्त?”

सरांनी नसरीन मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पंख्याकडे पाहिलं.

तीन, सात, अकरा, तेरा... सरांनी मनातल्या मनात लावून बघितले. “मूळ असावी.”

“एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भागून बघा.”

सरांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भागाकार मांडला. पोहे गार झाले. मुलीच्या वडिलांनी दोनदा खाकरून बघितलं. आमचा जीव टांगणीला!

शेवटी सरांनी मान वर केली. डोळे भरलेले. “पूर्ण भाग गेला हो!” हरले होते, पण एवढे खूश आम्ही त्यांना कधी पाहिले नव्हते.

“आता एकोणीस एक लिहा,” मुलगी म्हणाली.

सरांनी लिहिले आणि बघतच राहिले. “हे हातानं करायचं म्हटलं, तर आख्खं आयुष्य जाईल!”

मुलीनं हसत कपबश्या उचलल्या. म्हणाली, “जाऊ द्या की.”