भिकुबाईंच्या तोंडी माझा आवाज

आज पूजा झाली, पोथीचा अध्यायही झाला, पण डोळे ओळीवर आणि मन शिंदखेड्याला. या वहीत मी एरवी अध्याय, उपास, आल्यागेल्याचं लिहिते. आज अक्कांबद्दल लिहिते. देवीपुढं बसून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून कागदावर.

अक्का म्हणजे भिकुबाई, माझी मोठी जाऊ. शिरपूरकडच्या एका खेड्यातून पंधराव्या वर्षी शिंदखेड्याला आमच्या घरात आल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. आयुष्य कापूस वेचण्यात आणि चुलीपुढं गेलं. पण श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसायची वेळ आली की गल्लीतल्या सात-आठ घरांचं पान अक्कांशिवाय हलत नसे. नारळाला नथ-डोळे लावून सजवायचं, नैवेद्याच्या रोटांचे गहू कुणाच्या नावानं किती मुठी घ्यायचे, गाणी, आणि शेवटी कथा. कथा त्या अहिराणीत सांगत. "आयका व बायासहोन," असं म्हटलं की कडेवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

मी बारावी झालेली, म्हणून अक्कांना माझं केवढं कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मनी देरानी शिकेल शे." मी मात्र जळगावला मेहरूणमध्ये बिऱ्हाड केल्यापासून अहिराणी उंबऱ्याबाहेर ठेवली. माझ्या माहेरचीही बोली तीच. तरी भूमिकाशी, माझ्या मुलीशी, मी कधी एक शब्द बोलले नाही. गावाकडचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायची.

तीन वर्षांपूर्वी कानबाईला पितांबरभाऊंनी शूटिंग केलं. शिंदखेड्याला त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. अक्कांची कथा पूर्ण घेतली. सुरतेकडच्या सुनांना कळावी म्हणून तीच कथा मी मराठीत वाचली, तीही त्यांनी भरली आणि सगळं एका पेनड्राइव्हवर मला दिलं. म्हणाले, "वहिनी, चित्र एकच, आवाज दोन. रिमोटवरून बदलता येतात." लावून दाखवलं तर खरंच, बटण दाबलं की अक्का, पुन्हा दाबलं की मी. अक्का हसून लोटपोट. "माय व, मना तोंडमा तू कशी शिरनी?"

मागच्या वर्षी भूमिकाच्या नाशिकच्या सासरी तो पेनड्राइव्ह न्यायचा होता. त्यांच्या टीव्हीवर फाईल चालेना. भूमिकानं फोनवरून सांगितलं, "आई, लॅपटॉपवर कन्व्हर्ट कर, सोपं असतं." केलं. लॅपटॉपवर कन्व्हर्ट करायच्या पानावर आवाजाच्या दोन ओळी होत्या. पितांबरभाऊंनी नावं घालून ठेवलेली: पहिली 'अक्का', दुसरी 'वहिनी'. दोन्हींपुढं बरोबरची खूण. मला एवढंच कळलं की टीव्ही आधी पहिला आवाज लावणार. म्हणजे विहीणबाईंच्या दिवाणखान्यात आधी अक्कांची अहिराणी घुमणार. मी 'अक्का' या नावापुढची खूण काढली. माझ्या हातानं. पेनड्राइव्हवर जागा पुरेना, म्हणून जुनी मोठी फाईलही पुसली. चित्र तर तेच आहे, असं मनाला सांगितलं.

विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई किती शुद्ध बोलतात हो!"

मी म्हटलं, "हो, सवय आहे त्यांना."

लिहितानासुद्धा कान तापलेत.

माघात अक्कांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. यंदा कानबाईच्या आधी त्यांच्या सुनेचा, रूपाचा, फोन आला. "काकू, तो पेनड्राइव्ह आणा. औंदा कथा अक्कांच्याच आवाजात लावू. आम्हाला कुणालाच पूर्ण येत नाही, मी ऐकून लिहून घेईन."

मी सुरत लाईनच्या गाडीनं खुशाल गेले. माझी समजूत अशी की खूण काढली म्हणजे तो आवाज मागे राहिला, बटण दाबलं की येईल.

दुपारी रोटांचं पीठ तयार झालं आणि बाया टीव्हीपुढं बसल्या. अक्कांना रूपानं खुर्चीत टेकवून बसवलं. पडद्यावर अक्का आल्या, हिरवं लुगडं, हात वर केला, तोंड उघडलं आणि माझा आवाज आला. "भगिनींनो, श्रवण करा."

शेजारची धुरपदाबाई फिसकन हसली.

"तोंड अक्कानं, बोलनं मास्तरीननं!"

"हाऊ आवाज कोना शे व?"

"काय व काकू, अक्काले शाळामा टाकं का तुम्ही?"

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावर आवाजाची एकच ओळ, 'वहिनी'. बाया पोट धरून हसत होत्या. अक्का हसत नव्हत्या. डावा हात पुढं करून टीव्हीकडं वाट पाहत होत्या, आता येईल, आता येईल.

"टीव्ही बिघडलाय वाटतं," मी म्हटलं.

मागच्या दाराशी जाऊन पितांबरभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, जी खूण काढली तो आवाज नव्या फायलीत जातच नाही. दोन्ही ठेवून फक्त खाली-वर केलं असतं तरी तुमचा आधी लागला असता."

"तुमच्याकडे असेल ना मूळचं?"

"दोन वरीस ठेवस मी, मंग पुसनं पडस. आणि वहिनी, तुम्हाला दिलेलंच मूळ होतं."

परत आले तर रूपा टीव्हीच्या मागच्या वायरी हलवत होती. अक्का मला हातानं खुणावत होत्या, जाऊ दे, तू कशाला जिवाला लावून घेतेस. तेच सहन झालं नाही. त्यांच्या पायाशी बसले. मराठीत तोंड उघडेना. कितीतरी वर्षांनी चारचौघींत अहिराणी बोलले.

"अक्का, टीव्ही नही बिघडना. तुमना आवाज मी काढी टाका. माले लाज वाटनी."

रूपानं वायर सोडली. अक्कांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. रागानं ढकललं असतं तर बरं वाटलं असतं.

कानबाई तर बसवायचीच होती. कथा कोण सांगणार? वाचण्यासाठी मी ती पंचवीस वेळा तरी ऐकली होती, म्हणून रूपा म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा. आणि अक्कांच्या बोलीतच." मी सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या वाक्याला अक्कांनी डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली. चुकलं. दुसरा शब्द घातला, पुन्हा थाप. तिसऱ्याला मान हलली. असं करत अर्ध्यापर्यंत पोचलो. पुढची गोष्ट माझ्या मराठीत होती, पण अक्कांचे शब्द मला आठवेनात, त्यांना सांगता येईनात. देवीपुढं कथा तिथंच थांबवून नुसती आरती केली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी शिंदखेड्याला जाते. मी वाक्य म्हणते, अक्का थाप मारतात किंवा मान हलवतात, रूपा लिहून घेते. काल दोन वाक्यं पक्की झाली. एका वाक्यावर तासभर अडलो. मी सुचवलेले सगळे शब्द चुकले. शेवटी अक्कांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा रूपा म्हणाली, "राहू द्या काकू, अक्का थकल्या." आपल्या वहीत त्या जागी तिनं रिकामी ओळ सोडली आहे.