गाळ कुठे गेला

बदली होऊन मी जबलपूरला आले आणि गढा नावाच्या जुन्या वस्तीत प्रमोदिनीताईंच्या माडीवर भाड्याने राहिले. ताई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त, बोलायला तिखट. माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडायच्या आणि वाटीभर वरण न चुकता वर पाठवायच्या. घराजवळचा तलाव नुकताच नवा झाला होता. फरसबंद काठ, कारंजी, बदकांच्या आकाराच्या नावा. सगळं शहर तिथे फिरायला यायचं. ताई तेवढ्या गेल्या नव्हत्या.

कारण गल्लीने मला कधीच सांगितलं होतं. ताईंचा पाठचा भाऊ अच्युत शाळकरी वयात त्या तलावात पोहायला गेला तो वर आलाच नाही. देहही सापडला नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ताईंनी चंद्राला कधी ओवाळलं नाही. भाऊ आहे की, पाण्यात आहे, असं म्हणून त्या दरवर्षी घाटाच्या पायरीवर बसून पाण्याला ओवाळत. तलाव उपसत होते ती दोन वर्षं मात्र त्यांनी खिडकीसुद्धा उघडली नाही. काय निघेल याची त्यांना भीती होती.

यंदा भाऊबीजेला माझा भाऊ नागपूरला आणि मी इथे. दुपारी मीच हट्टाला पेटले. "चला ताई, तुमचाच तलाव तुम्हाला दाखवते." आश्चर्य म्हणजे त्या तबक घेऊन तयार झाल्या.

मी गाइडच्या थाटात हे कारंजं, तो पूल असं दाखवत सुटले. ताई पायरी शोधत होत्या, आणि पायऱ्या राहिल्याच नव्हत्या. शेवटी त्या म्हाताऱ्या चौकीदाराजवळ थांबल्या.

"भैया, खुदाई के समय आप यहीं थे?"

"शुरू से, अम्मा."

"कुछ निकला था? किसी आदमी का?"

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "कौन देखता है, अम्मा. मशीन उठाती थी, डंपर में डाल देती थी. सारी मिट्टी महाराजपुर गई, कॉलोनी के गड्ढे भरने."

ताईंनी तबक छातीशी धरलं. मग हळूच म्हणाल्या, "यामिनी, ते डंपर आपल्याच गल्लीतून जात होते वं. तो माझ्या खिडकीखालून गेला अन् मी खिडकी लावून बसली होती."

मला माझ्या सहलीची लाज वाटली. "घरी जाऊ, ताई."

"घरी काहून? महाराजपूरला चाल."

स्कूटीवरून पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. एकसारख्या घरांच्या रांगा, दारोदार झेंडू. अच्युत यातल्या कोणत्याही घराखाली असू शकत होता, थोडाथोडा सगळ्यांच्याच खाली. ताईंनी पहिल्याच घराची बेल दाबली. बनियनमधला एक पन्नाशीचा माणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"भैया, आज दूज है. ज़रा नीचे बैठेंगे?"

तो बिचारा संकोचाने फरशीवर बसला. ताईंनी निरांजन लावलं. कुंकू मात्र त्याच्या कपाळाला लावलं नाही, त्याच्या गुडघ्याजवळच्या फरशीला लावलं. अक्षता तिथेच वाहिल्या आणि तबक अगदी खाली, जमिनीलगत फिरवलं.

"अच्युत, भिऊ नको. मी आली."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. ताई भिंतीला धरून उठल्या, वातीभोवती तळवा धरला आणि त्याला विचारलं, "बाजू के घर में इस समय कोई होगा?"