अर्ध्यावर थांबलेला काटा

चमत्कार सांगणाऱ्या माणसाचा मला लहानपणापासून राग आहे. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. त्यातली वाक्यं पाठ करतच मी वाचायला शिकलो, आणि पुढे तशीच पत्रकं लिहायलाही लागलो: नवस करू नका, गंडेदोरे बांधू नका, कोणापुढे हात पसरू नका, कारण शोधा. यातल्या एकाही शब्दावरून मी आज मागे हटलेलो नाही. तरीही जे घडलं ते लिहितो आहे. त्याला काय नाव द्यावं ते मला ठरवता येत नाही, आणि न लिहिता राहवतही नाही.

आमच्या वस्तीच्या विहाराची एक जुनी ॲम्बेसेडर आहे. जयंतीच्या मिरवणुकीत बुद्धमूर्ती तिच्यातून निघते, आणि एरवी आजारी माणूस, बाळंतीण, नवरी, ज्याला गरज असेल त्याला ती नेते. चालवायला बहुतेक वेळा मीच असतो. यंदा जयंतीआधी पोरांनी हौसेनं गाडी रंगवायला घेतली आणि श्रद्धेच्या भरात एकही जागा सोडली नाही. डिकीतली पेट्रोलची टाकीसुद्धा, तिच्या पट्ट्या आणि स्क्रूसकट, पांढरी शुभ्र करून टाकली. दुसऱ्या दिवशीपासून पेट्रोलचा काटा रिकाम्यावर आडवा पडला. टाकी भरा, काटा उठेना.

मी कारण शोधलं. टाकीवरून काट्याकडे जाणारी तार काढून गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवली, तर काटा हळूहळू चढत पार भरल्याच्या खुणेपर्यंत गेला. म्हणजे काटा नीट होता, तारही नीट होती. दोष टाकीकडे होता. रंगाच्या थरामुळे लोखंडाला लोखंड भेटत नव्हतं, वीज पुढे जात नव्हती. ती तार जिला जोडलेली असते ती टाकीवरची चकती मी उघडली, रंग खरवडला, सगळं पुन्हा घट्ट बसवलं. काटा उठला आणि अर्ध्यावर येऊन थांबला. त्या संध्याकाळी विहारात मी या काट्यावर छोटंसं भाषणच दिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचं डोकं दुखायला लागलं. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती, नववा महिना होता. पाय सुजले होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. गावातल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "गोळी देते, पण इथं थांबू नका. जालन्याला न्या, आत्ताच." रुग्णवाहिका दुसऱ्या कुणाला घेऊन गेलेली होती. बहिणीला मागच्या सीटवर मायच्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं आणि मी गाडी काढली.

अंबडला पंपावर मोठी रांग होती. माय म्हणाली, "थोडं तेल टाकून घे रे." मी म्हणालो, "माय, काटा अर्ध्यावर हाय. येळ घालवू नको." आणि थांबलो नाही.

अंबड मागे पडल्यावर माझं लक्ष काट्याकडे गेलं ते तिथून हटेना. गाडी खड्ड्यातून गेली, चढ चढली, उतार उतरली. काटा जागचा हलला नाही. जिवंत काटा असा बसत नाही, थोडा तरी डोलतो. मागे फिरावं तर पंप लांब राहिलेला, पुढे जावं तर भरवसा नाही. बहीण विचारत होती, "दादा, किती राह्यलं?" मी म्हणत होतो, "आलंच." वैशाखाचं ऊन, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, आणि माझे डोळे त्या काट्यावर. मग गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

मी रस्त्यावर उभा राहिलो. एक ट्रक गेला, एक जीप गेली. मी हात वर करून ओरडत होतो, थांबत कोणी नव्हतं. तिसरी गाडी गेल्यावर मी तिच्यामागे शिव्या घातल्या. तेव्हा मागच्या खिडकीतून बहिणीचा क्षीण आवाज आला, "दादा, हात खाली घे. मोर्चा हाय व्हय हा? मारायला उठल्यासारखा दिसून राह्यला. कोण थांबंल?"

मी हाताकडे पाहिलं. मूठ वळलेली होती. घोषणा देताना असते तशीच.

मी हात खाली घेतला. आत बहीण त्रिसरण म्हणू लागली होती, मायच्या मांडीवर, डोळे मिटून. विहारात रोज सगळ्यांत मोठा आवाज माझाच असतो. शरण जाणं म्हणजे कोणापुढे गुडघे टेकणं नव्हे, हे मी किती जणांना समजावलं आहे. ते समजावणं खरंच आहे. पण त्या उन्हात, बहिणीचा जीव टांगणीला लागलेला असताना, माझ्याजवळ समजवायला काहीच उरलं नव्हतं. मला गाडीतलं कळलं नव्हतं, पुढचं काही कळत नव्हतं, माझ्या हातात काहीच नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा राहिलो आणि तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणू लागलो. पहिल्यांदाच त्यात माझा आवाज नव्हता.

जालन्याकडून एक मोटारसायकल आली आणि थांबली. मागे चादरींचा मोठा गठ्ठा बांधलेला, डोक्यावर पांढरी टोपी, दाढी पिकत आलेली. बाजाराला निघालेले चाचा. त्यांनी आधी मला नाही, खिडकीतून बहिणीला पाहिलं.

"क्या हुआ, बेटा?"

"चाचा, पेट्रोल संपलं. काटा अर्ध्यावर हाय, पण—"

"अर्धा काट्यात हाय, टाकीत न्हाई," ते म्हणाले. "काट्यानं गाडी चालती व्हय? बाटली आन जल्दी."

बोलता बोलता त्यांनी आपल्या गाडीची नळी काढली. एक बाटली भरली, मग दुसरी. दुसरी भरता भरता धार तुटली, तसे त्यांनी गाडी आडवी करून उरलेलंही काढलं. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही कसं जाल?"

"ढकलत. माझी लेक न्हाई ना गाडीत. तुम्ही निकलो."

थोडं पेट्रोल इंजिनात सोडलं, बाकीचं टाकीत. गाडी सुरू झाली. नाव विचारायचं राहूनच गेलं. आरशात ते दिसले, गठ्ठ्यासकट गाडी ढकलत अंबडच्या दिशेनं निघालेले.

पुढच्या पंपावर टाकी भरून आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई बहिणीला तपासून म्हणाल्या, बरं झालं आणलंत, आणखी उशीर परवडला नसता. दार लोटलं गेलं. एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी मायच्या शेजारी फरशीवर बसलो आणि वाट पाहिली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

नंतर टाकी उघडली तेव्हा कारण सापडलं. पेट्रोलबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या गोळ्याची दांडी टाकीच्या भिंतीला अडकून बसली होती. चकती बसवताना ती मीच वाकडी फिरवली होती. कारण असतंच; ते शोधायचं मी सोडणार नाही. पण चाचांनी शेवटचा थेंब का काढून दिला, याचं कारण मी शोधत नाही. बुद्ध आणि धम्म यांना शरण जाणं मला कधी जड गेलं नाही. तिसरं शरण संघाला, म्हणजे वाटेवरच्या सोबत्यांना आहे. ते म्हणताना मला आता उन्हात गाडी ढकलत चाललेली एक पाठ दिसते. माझी मान आपोआप खाली जाते, आणि मी ती जाऊ देतो.