ध्वजवंदनाला ऑर्डर देणारे गांगुर्डे सर

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत खंडेराव गांगुर्डे सर तळमजल्यावर एकटे राहत. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. बायको, सुवर्णाबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी चैताली लग्न होऊन नागपूरला. सोसायटीला त्यांची आठवण वर्षातून दोनदा यायची, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. त्या दिवशी सकाळी सेक्रेटरी त्यांना बोलवायला घरी जायचा. मग सर पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, पांढरे बूट घालून झेंड्याजवळ येत आणि ऑर्डर देत. सावधान. एक साथ राष्ट्रगीत शुरू कर. विश्राम. बोलावल्याशिवाय ते कधी आले नाहीत. बोलावणं यायचंच.

मी तेव्हा मराठी घेऊन बीए झालो होतो आणि घरीच होतो. संध्याकाळी अंधार पडला की पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर सरांशेजारी जाऊन बसायचो. ‘पुढे काय करणार’ असं न विचारणारा तो एकच माणूस. मी कविता म्हणून दाखवायचो, घरातली भांडणं सांगायचो. सर समोर बघत मान हलवायचे. इतक्या शांतपणे माझं कुणी ऐकलं नव्हतं.

१९९८च्या ऑगस्टमध्ये कुंदन नवा सेक्रेटरी झाला. त्याने राष्ट्रगीताची कॅसेट आणली आणि मीटिंगमध्ये सांगितलं, “आपले लोक कसे गातात माहितीय ना? अर्धे पुढे, अर्धे मागे. त्यापेक्षा कॅसेट लावू. तोंड बंद ठेवायचं आणि ताठ उभं राहायचं. खरा मान त्यातच आहे.”

“म्हणजे मी गायचं नाही?” छायावहिनींनी विचारलं. दरवर्षी सुरुवात त्याच करून देत.

“वहिनी, तुम्ही जिलेबीचं बघा.”

सगळे हसले. सरही हसले.

पंधरा ऑगस्टला सरांनी सावधान म्हटलं. झेंडा वर गेला. कुंदनने बटण दाबलं. मी पहिल्या रांगेत होतो. सर छायावहिनींच्या तोंडाकडे बघत होते. तोंड मिटलेलं होतं. मग त्यांची नजर शेजारच्या बाईंवर गेली, मग माझ्यावर, मग मागच्या रांगेवर. मान हलली नाही, नुसते डोळे फिरत होते.

राष्ट्रगीत संपलं. सर तसेच उभे. ऑर्डर नाही म्हणून आम्हीही उभे. कॅसेटवर पुढचं कुठलं तरी समूहगीत सुरू झालं.

“सर, आता जानेवारीपर्यंत उभं करता का?” मागून गोटीरामकाका म्हणाले.

पोरं फिसकन हसली. कुंदनने जाऊन सरांच्या दंडाला हात लावला. सर दचकले आणि मोठ्याने म्हणाले, “विश्राम.” तोवर रांगा मोडल्या होत्या.

दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. बूट अजून पायातच होते.

“सर, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

“समोर ये. हळू बोल.”

मी पुन्हा विचारलं.

“डावा कधीच गेला. उजव्यात बेल वाजलेली कळते. कर्ण्याची नुसती घरघर येते. चालू आहे की संपलं, समजत नाही. लोक गात होते तोवर जमायचं. शेवटच्या जयजयकाराला सगळ्यांची तोंडं एकदम उघडतात. मिटली की विश्राम.”

“मशीन का नाही घेत?”

“कानात मशीन घातलेल्या माणसाला कुंदन ऑर्डर देऊ देईल?”

तेव्हा मला बाक आठवला.

“मग मी रोज संध्याकाळी बोलतो ते?”

“तू शेजारी बसतोस. त्यात अंधार. तोंड दिसत नाही.”



“कविता होत्या,” मी म्हणालो.

“हो का?” सर म्हणाले. “मला वाटायचं, घरचं काहीतरी असेल.”

मग सरच पुढे म्हणाले, “कुणाला सांगू नकोस ज्ञानेश. कळलं तर जानेवारीत बोलावणार नाहीत. आता तेवढ्यासाठीच कोणी दारात येतं.”

मी म्हणालो, जानेवारीत मी समोर उभा राहून गाईन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. तुम्ही माझं तोंड बघा.

“मोठं उघड मग,” सर म्हणाले. “चालू असताना माझ्या तोंडून विश्राम गेलं तर फार वाईट होईल रे.”

दिवाळीनंतर उजवा कानही गेला. मी यायच्या वेळी सर दार नुसतं लोटून ठेवत. मी समोर उभा राहून आवाज न करता राष्ट्रगीत म्हणायचो. सराव असला तरी सर सावधानमध्येच उभे राहत.

सव्वीस जानेवारीला मी पहिल्या रांगेत मधोमध उभा राहिलो. कुंदन सरांच्या घराकडून एकटाच आला.

“सर कुठे?” छायावहिनींनी विचारलं.

“बेल वाजवून बोट दुखलं माझं. दार उघडत नाहीत. ऑगस्टचा राग धरलाय, दुसरं काय. चला, उशीर नको. सावधान.”

मी काही बोलेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं.

रांगेतून सरांचं दार दिसत होतं. बंद होतं. पळत गेलो असतो तर पोचलो असतो. पण राष्ट्रगीत सुरू झालं होतं आणि माझे हात मांड्यांना चिकटले होते. मी गायलो नाही. माझं तोंड बघणारं समोर कुणी नव्हतं.

कुंदनने विश्राम म्हटल्यावर मी पळालो. बेलकडे न जाता खिडकीशी गेलो. सर दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. पांढरे कपडे, पांढरे बूट, हात गुडघ्यांवर. मी गजांतून हात घालून हलवला. त्यांनी उठून दार उघडलं.

“कपडे करायचे म्हणून कडी लावली होती, काढायची राहिली,” ते म्हणाले. “कुंदनने पाठवलं का तुला?”

माझ्यामागून बायका जिलेबीच्या पुड्या घेऊन घरी चालल्या होत्या. सरांना त्या दिसल्या. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

“ऑर्डर कुणी दिली?”

“कुंदनने.”

“सगळे नीट उभे होते?”

“हो.”

“मध्येच कुणी हललं तर नाही ना?”

मी त्यांच्या पुढ्यात आलो, तोंड नीट दिसेल असा.

“नाही सर. कुणी हललं नाही.”

“बरं झालं,” सर म्हणाले आणि बुटाची नाडी सोडायला वाकले. मी आणखी काहीतरी म्हणालो. पण ते खाली बघत होते.