बॅटरीवरची गोधडी

माझ्या थोरल्या साडूंइतका वस्तू जपणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. कोपरीतल्या त्यांच्या घरात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिज झालरीच्या कव्हरात, आणि सोफ्यावर इतकी आवरणं की त्याचा मूळ रंग घरातल्यांनाही आठवत नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, सोफा दिसू तरी द्या!" तर म्हणाले, "दिसला की झिजतो."

अशा माणसाने निवृत्तीनंतर हायब्रिड गाडी घेतली तेव्हा आम्ही सगळे चाट पडलो. गाडी घेण्याचं कारण एकच, ताई. म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कुजबुजीएवढाच उरलेला. या गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, एसी तेवढा बॅटरीवर चालू राहतो. काचा बंद, गाडी गप्प, की ताई बोलणार. तीन हात नाक्याच्या सिग्नलला सगळं ठाणं शिव्या घालतं. हे गृहस्थ मात्र तो सुटला की हळहळायचे.

यंदा बॅटरी थकली आणि इंजिन सिग्नललाही घरघरू लागलं. कल्याणच्या मेकॅनिककडे दोघांबरोबर मीही गेलेलो. मागच्या सीटवर कव्हर, त्यावर टॉवेल, त्यावर गोधडी. मेकॅनिकने सगळं उचललं आणि सीटच्या कडेची जाळी दाखवली.

"काका, बॅटरीला हवा इथूनच मिळते. तुम्ही तिचं नाकच दाबून ठेवलेलं!"

साडूंचा चेहरा एवढासा झाला. जपता जपता त्यांनीच तिचा जीव घेतला होता.

"नवी टाकण्यात अर्थ नाही," मेकॅनिक म्हणाला. "गाडी जुनी झाली. विका, साधी घ्या." मीही मोठ्या शहाणपणाने मान डोलावली. ताई बाजूलाच उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही.

परतताना सिग्नलला ताई काहीतरी म्हणाली. इंजिन घरघरत होतं. "काय?" साडूंनी तीनदा विचारलं. शेवटी तिने हातानेच 'जाऊ दे' केलं. मागे बसून मी ते पाहिलं आणि मघाच्या मान डोलावण्याची मला लाज वाटली. पुढच्या वळणावर साडूंनी गाडी पुन्हा कल्याणकडे वळवली.

"अहो, नवी बॅटरी तुमच्यापेक्षा जास्त टिकेल," मी चेष्टेने म्हटलं.

"टिकू दे की. आम्ही आहोत तोवर ऐकू तर येईल!"

गेल्या रविवारी आम्ही खडवलीला निघालेलो. सोफ्यावरची आवरणं अजून तशीच आहेत, पण गाडीतली गोधडी गेली होती. रेल्वेचं फाटक लागलं, इंजिन गप्प झालं आणि ताईची कुजबूज स्पष्ट ऐकू आली, "मघाशी वळण चुकलात तुम्ही."

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी साडू गाडी हलवेनात.

"बोल, बोल," म्हणाले, "आणखी काय चुकलं?"