वंदनाचं उत्तर

मंगळवारी सकाळी मिरजेतल्या एका इंग्रजीच्या वर्गात परदेशी निघालेल्या सात नर्सना दोन क्रियापदं शिकवली गेली. आपला देश सोडून जाणं म्हणजे एमिग्रेट, दुसऱ्या देशात राहायला येणं म्हणजे इमिग्रेट. वंदनाने सरावाच्या दोन्ही रिकाम्या जागांत येण्याचंच क्रियापद लिहिलं.

"अगं, इथून तू जाणार आहेस ना?" सरांनी विचारलं.

"सर, आई मागे बसलीय. तिच्यासमोर 'जाते' कसं म्हणू?"

वर्ग हसला. सहा महिने परदेशाला 'नको' म्हणणारी आई त्या दिवशी प्रथमच वर्गात आली होती. ती हसली नाही.

घरातून निघताना आपल्याकडे 'येते' म्हणायची रीत आहे. इंग्रजी शब्द सरहद्दीकडे बघून ठरतो. 'येते' हा शब्द दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघून ठरतो. निघण्याआधीच परतण्याची कबुली दिली जाते, मग अंतर कितीही असो.

"सर, सुट्टीला घरी येईल, त्याला कोणता शब्द?" आईने विचारलं.

"त्याला साधं 'कम होम' पुरतं, मावशी."

"मग तेवढं तिच्याकडून पक्कं करून घ्या."

वर्ग सुटल्यावर आईने तिकडच्या थंडीची चौकशी केली. स्टँडवर जाण्याआधी मायलेकी बाजारात थांबल्या. आईने लोकरीचे चार गुंडे घेतले.